अल्-बिरुनी : आकाश आणि माणूस एकत्र वाचणारे आलिम

आपल्या घरातल्या भिंतीवरचं मराठी कॅलेंडर कधी नीट पाहिलंय का? एका लहानशा चौकोनात किती गोष्टी दाटीवाटीने बसवलेल्या असतात. इंग्रजी तारीख, तिथी, नक्षत्र, आपला चाँद, पारशी रोज. प्रत्येक कौमचं आकाश एकच, पण त्यावरून दिवस मोजण्याची रीत निराळी. आपण त्या कागदावर दूधवाल्याचा हिशोब लिहितो आणि पुढे जातो. हजार वर्षांपूर्वी एक माणूस मात्र या प्रश्नावर थांबला. सूर्य, चंद्र आणि तारे सगळ्यांना सारखेच दिसतात, मग माणसांनी त्यांच्यावरून इतकी वेगवेगळी साल-महिने, इतके सण आणि इतके समज कसे काय उभे केले? या प्रश्नावर त्याने तिशीच्या आत एक मोठी किताब लिहिली.

त्यांचं नाव अबू रैहान मुहम्मद बिन अहमद अल्-बिरुनी. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत ते एखाद्या ओळीत भेटतात, महमूद गझनवीबरोबर आलेला प्रवासी म्हणून. त्यांना प्रवासी म्हणणं आम्हाला नेहमी खटकतं. त्यांचे बहुतेक प्रवास त्यांच्या मर्जीचे नव्हते. कधी जीव वाचवायला पळावं लागलं, तर कधी बादशहाच्या हुकमाने जावं लागलं.

त्यांचा जन्म सप्टेंबर ९७३ चा, ख्वारिज्मची राजधानी काथ या शहराच्या बाहेरच्या वस्तीत. फारसीत बिरुन म्हणजे बाहेर, त्यावरून बिरुनी. म्हणजे आपल्या भाषेत गावकुसाबाहेरचा मुलगा. ही जागा आज उझबेकिस्तानात कराकल्पकस्तान भागात आहे आणि तिथल्या शहराचं नाव आता बेरुनी असंच आहे. लहानपणी त्यांना उस्ताद मिळाले ते अबू नस्र मन्सूर. हे ख्वारिज्मच्या राजघराण्यातले, स्वतः मोठे गणिती. शहजाद्याने बाहेरच्या वस्तीतल्या पोराला हाताशी धरून भूमिती आणि ताऱ्यांचा हिशोब शिकवला. अशा उस्तादांची नावं आपण विसरतो, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

सतराव्या वर्षी, म्हणजे ९९० च्या सुमारास, अल्-बिरुनींनी दुपारच्या सूर्याची उंची मोजून काथचा अक्षांश काढला. आज नववी-दहावीतला मुलगा भूगोलाच्या पुस्तकात अक्षांश पाठ करतो, त्या वयात ते मोजत होते. पण ९९५ मध्ये शेजारच्या गुरगंजच्या अमीराने काथवर चाल केली, उस्तादांचं राजघराणं संपलं आणि या तरुणाला शहर सोडून पळावं लागलं. काही काळ रय शहरात, म्हणजे आजच्या तेहरानजवळ, त्यांनी तंगीत काढला.

दोन वर्षांनी एक सुंदर गोष्ट घडली. २४ मे ९९७ ला चंद्रग्रहण होतं. अल्-बिरुनी तेव्हा काथला होते आणि बगदादमध्ये अबुल वफा हे थोर गणिती होते. दोघांनी आधीच ठरवून घेतलं होतं की आपण दोघेही एकच ग्रहण पाहायचं आणि आपापल्या शहरातली वेळ नोंदवायची. ग्रहण लागण्याचा क्षण सगळ्या दुनियेसाठी एकच असतो, पण प्रत्येक गावाची स्थानिक वेळ वेगळी. दोन वेळांतला फरक साधारण एक तास निघाला. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला पंधरा अंश. त्यावरून काथ आणि बगदाद यांच्यातलं रेखांशाचं अंतर हाती आलं. ना फोन, ना तार. शेकडो कोसांवरच्या दोन माणसांनी चंद्रालाच घड्याळ केलं.

पुढे ते कास्पियन समुद्राजवळच्या जुरजानला अमीर काबूस यांच्या दरबारी गेले. तिथे १००० च्या सुमारास ती मोठी किताब पुरी झाली. तिचं नाव अल्-आसार अल्-बाकिया, म्हणजे गेलेल्या पिढ्यांच्या उरलेल्या खुणा. त्यात इराणी, सुग्दी, ख्वारिज्मी, यहुदी, ख्रिस्ती, इस्लामपूर्व अरब आणि मुसलमान यांची कालगणना, महिने आणि सण आहेत. कोण चंद्रावर चालतं, कोण सूर्यावर, कोण दोन्हींची सांगड घालायला मध्येच एक जादा महिना टाकतं. इस्लामपूर्व अरब असा महिना कसा टाकत आणि इस्लाममध्ये तो का बंद झाला, हेही त्यांनी मांडलं. आपला रमजान कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत का येतो, असं वर्गात कुणी विचारलं की आम्ही हाच धागा धरून सांगतो. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवस लहान आणि आपण जादा महिना टाकत नाही. शेजारच्या घरात अधिक महिना येतो, म्हणून त्यांची दिवाळी थंडीच्या सुरुवातीलाच राहते.

या किताबीत एक कडू जागाही आहे. ख्वारिज्म जिंकताना अरब सेनापती कुतैबा बिन मुस्लिम याने तिथली जुनी लिपी आणि इतिहास जाणणारी माणसं मारली, त्यामुळे त्या लोकांचा मागचा इल्म नाहीसा झाला, असं अल्-बिरुनींनी साफ नोंदवलं आहे. सेनापती आपला होता म्हणून त्यांनी लेखणी आवरली नाही. आपल्या मातृभूमीचे जे महिने आणि सण लोकांच्या तोंडी उरले होते, ते त्यांनी गोळा करून ठेवले. आज ख्वारिज्मी कालगणनेबद्दल जे माहीत आहे त्यातलं बहुतेक त्यांच्यामुळेच.

याच काळात त्यांची इब्न सिनांशी पत्रातून झडलेली बहस प्रसिद्ध आहे. इब्न सिना वयाने लहान पण हुशारीत कुणाला ऐकणारे नव्हते. अल्-बिरुनींनी अॅरिस्टॉटलच्या आकाशाविषयीच्या मतांवर आणि इतर बाबींवर मिळून अठरा प्रश्न विचारले. आपल्या जगासारखी आणखी जगं असू शकणार नाहीत कशावरून, हाही त्यांतला एक मुद्दा. दोघेही चिडले, शब्द कडक झाले. पण ती पत्रं टिकली आणि आजही अभ्यासली जातात.

१००४ च्या सुमारास ते ख्वारिज्मला परतले. तिथल्या शाहने त्यांना जवळ घेतलं, राजकारणातही ओढलं. ते फार दिवस टिकलं नाही. १०१७ मध्ये तिथे बंड झालं, शाह मारला गेला आणि महमूद गझनवीने ख्वारिज्म घेतलं. इतर आलिमांबरोबर अल्-बिरुनींनाही गझनीला नेलं गेलं. ते दरबारी होते की कैदी, याची सीमा पुसटच होती. वय चव्वेचाळीस.

पुढच्याच वर्षीचा एक प्रसंग आम्हाला फार मोलाचा वाटतो. १०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ते काबूलजवळच्या जैफूर नावाच्या खेड्यात होते. हालत वाईट, मन उदास, जवळ एकही यंत्र नाही. तरी अक्षांश काढायचाच होता. मग त्यांनी हिशोबाच्या पाटीच्या पाठीवर वर्तुळाचा तुकडा आखला, त्यावर अंशांच्या खुणा केल्या, ओळंबा लावला आणि सूर्याची उंची मोजली. आमच्या शाळांत प्रयोगशाळेला कुलूप असतं नाहीतर साहित्य नसतं आणि मग प्रयोग फळ्यावरच होतो. पाटी, दोरी आणि दगड मात्र कुठेही मिळतात.

हा प्रसंग त्यांनी स्वतः तहदीद या किताबीत लिहून ठेवला. १०२५ मध्ये पुरी झालेली ही किताब शहरांचे अक्षांश-रेखांश कसे ठरवायचे यावर आहे आणि तिचा एक मोठा हेतू म्हणजे गझनीचा किबला नेमका ठरवणं. हे ध्यानात घ्यायला हवं. नमाजचं तोंड कुठे, हा प्रश्न मशिदीचा. पण जवाब द्यायला पृथ्वी गोल धरावी लागते, दोन शहरांमधलं अंतर काढावं लागतं आणि गोलावरच्या त्रिकोणांचं गणित करावं लागतं. तेव्हा बरेच लोक अंदाजाने पश्चिमेकडे किंवा कुण्या ताऱ्याच्या रोखाने उभे राहत. अल्-बिरुनींनी अंदाजावर भागवलं नाही. आज मोबाईलमधला किबला दाखवणारा बाण याच त्रिकोणांवर चालतो.

नमाजच्या वेळांवरही त्यांनी लिहिलं. जोहर आणि असर सावलीवरून ठरतात, म्हणून सावल्यांवर त्यांची एक स्वतंत्र किताब आहे. तिच्यात एक मजेदार पण बोचरी हकीकत आहे. नमाजची वेळ दाखवणारं एक यंत्र होतं आणि त्यावर रोमी, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या महिन्यांची नावं कोरलेली होती. सूर्याचा हिशोब चंद्राच्या महिन्यांवर बसत नाही, म्हणून सौर महिने घेणं भाग होतं. पण एका दीनदार गृहस्थांनी ते यंत्र मशिदीत घ्यायला नकार दिला, कारण त्यात परक्या मिल्लतची नक्कल होते म्हणे. अल्-बिरुनींनी त्यांना ऐकवलं की रोमी लोक जेवतातही आणि बाजारात चालतातही, मग तीही नक्कल सोडा. हजार वर्षं झाली, पण ते गृहस्थ अजून भेटतात. कधी आपल्या मोहल्ल्यात, कधी दुसऱ्यांच्या.

हिंदुस्तानात ते आले ते महमूदच्या स्वाऱ्यांच्या सावलीत. त्यांचा वावर मुख्यतः पंजाब आणि आसपासच्या ठिकाणी, नंदना, झेलम, सियालकोट, मुलतान अशा मोजक्याच. आपल्या महाराष्ट्रापर्यंत ते पोहोचले नाहीत. पण त्यांच्या किताबुल हिंदमध्ये वाटा आणि मुलुखांची जी माहिती आहे त्यात मरहट्ट देश येतो आणि समुद्रकाठचं ठाणं राजधानी असलेला कोकणही येतो. कोकणी घरांतल्या आमच्या शागिर्दांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे खुलतात.

नंदना हा किल्ला आज पाकिस्तानातल्या पंजाबात, मिठाच्या डोंगररांगेत आहे. तिथे त्यांनी पृथ्वी मोजली. दोन शतकं आधी खलिफा मामूनने माणसं वाळवंटात पाठवून, तारा एक अंश वर चढेपर्यंत जमीन चालून मोजायला लावली होती. अल्-बिरुनींनी चालणं वाचवलं. आधी सपाटीवरून दोन ठिकाणी कोन घेऊन डोंगराची उंची काढली, ती ६५२ हात भरली. मग माथ्यावर उभं राहून समोरचं क्षितिज आडव्या रेषेच्या किती खाली झुकतं ते मोजलं, ते ३४ कला निघालं, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त. डोंगर जितका उंच तितकं क्षितिज खाली झुकतं आणि ते किती झुकावं हे पृथ्वीच्या त्रिज्येवर ठरतं. उंची माहीत, कोन माहीत, राहिली त्रिज्या. एक काटकोन त्रिकोण, बस्स.

व्हॉट्सअॅपवर हा हिशोब शंभर टक्क्यांना टेकल्याचे आकडे फिरतात. आमच्या शागिर्दांना आम्ही ते पुढे पाठवू देत नाही. त्यांचा हात आजच्या मापात नेमका किती लांब, यावर सगळं उत्तर हलतं. शिवाय हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्याचा हिशोब तेव्हा कुणाजवळ नव्हता. खुद्द अल्-बिरुनींनी आपलं उत्तर मामूनच्या माणसांच्या मोजणीशी जुळतं आहे एवढं पाहिलं आणि त्यांची साधनं आपल्याहून सरस होती म्हणून त्यांचाच आकडा धरला. ज्याने मोजलं त्याने शेखी मिरवली नाही. मग आपण का मिरवावी?

पण त्यांचं खरं अवघड काम माणसांमधलं होतं. पन्नाशीच्या आसपास ते संस्कृत शिकले. पंडितांपुढे आधी शागीर्द बनून बसले आणि ताऱ्यांच्या हिशोबात गती दिसल्यावर तेच पंडित त्यांना त्यांच्या उस्तादाचं नाव विचारू लागले. इकडचं तिकडे नेलं तसं तिकडचं इकडेही आणलं. युक्लिड आणि टॉलेमी संस्कृतात उतरवायचं कामही त्यांनी हाती घेतलं होतं. १०३० च्या सुमारास पुरी झालेल्या ८० प्रकरणांच्या किताबुल हिंदमध्ये वेद, पुराणं, जाती, तीर्थं, वजनमापं यांच्या बरोबरीने युगं, तिथी, नक्षत्रं, ग्रहणं यांना खूप जागा आहे. एखाद्या समाजाचं आकाश समजल्याशिवाय तो समाज समजत नाही, असं त्यांच्या कामावरून दिसतं.

ग्रहणाचा मुद्दा घ्या. ब्रह्मगुप्त हे सातव्या शतकातले थोर गणिती. ग्रहण सावलीने लागतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, हिशोबही त्याचाच करत. तरी लोकांत राहू चंद्राला गिळतो ही समजूत होती आणि ब्रह्मगुप्तांनी लिहिताना तिचीच बाजू घेतली. अल्-बिरुनींना हे सहन झालं नाही. ज्याला माहीत आहे त्याने लोकांच्या भीतीने उलटं का लिहावं? त्यांनी सुनावलं खरं, पण ब्रह्मगुप्तांचं गणित श्रेष्ठच मानलं आणि कदाचित त्यांच्यावर सॉक्रेटिसासारखं संकट असेल, असाही विचार केला. टीका करताना समोरच्याची मजबुरी शोधणं, हे आम्हाला त्यांच्या गणिताइतकंच मोठं वाटतं. आपल्याकडेही ग्रहणात गरोदर बाईने सुरी हातात धरू नये असं सांगणाऱ्या खाला आहेत, आणि खरं ठाऊक असून गप्प बसणारे शिकलेले लोकही आहेत.

आर्यभटांच्या परंपरेत पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मत होतं. अल्-बिरुनींनी त्याची नोंद केली आणि पृथ्वी फिरते म्हटलं तरी ताऱ्यांच्या हिशोबात काही बिघडत नाही, असं लिहून तो मुद्दा उघडा ठेवला.

याच किताबीत त्यांनी पंडितांच्या गर्वावर बोट ठेवलं, तसं महमूदच्या स्वाऱ्यांवरही. या स्वाऱ्यांनी मुलुखाची भरभराट धुळीला मिळाली, लोक विखुरले, त्यांच्या मनात मुसलमानांबद्दल कडवटपणा भरला आणि इथला इल्म काश्मीर, बनारससारख्या दूरच्या जागी निघून गेला, असं ते लिहितात. गझनीत, त्याच सल्तनतीचं मीठ खात. मुसलमान म्हणजे स्वाऱ्या एवढंच ज्यांना ठाऊक आहे आणि आपलं म्हणून सगळंच झाकायचं असं ज्यांना वाटतं, त्या दोघांनीही हे वाचायला हवं.

महमूदच्या दरबारातली एक हकीकत सांगतात. उत्तरेकडच्या तुर्कांचा एक वकील आला आणि म्हणाला की समुद्रापलीकडे दूर उत्तरेला सूर्य मावळतच नाही. महमूद भडकला, हा तर बेदीनपणा. सूर्य मावळत नसेल तर तिथे मगरिब कधी आणि इशा कधी? अल्-बिरुनींनी उठून समजावलं की गोल पृथ्वीवर ध्रुवाजवळ उन्हाळ्यात असंच होणार. वकिलाची बला टळली. आज नॉर्वे-स्वीडनच्या उत्तरेला राहणारे मुसलमान रोज्याच्या वेळा ठरवताना याच प्रश्नाशी झगडतात.

१०२९ मध्ये त्यांनी तफहीम लिहिली. ती लिहिली गेली रैहाना बिन्त हसन या ख्वारिज्मच्या मुलीच्या मागणीवरून. भूमिती, अंकगणित, आकाश, उस्तुरलाब, शेवटी ज्योतिष, सगळं प्रश्नोत्तरांत, पाचशेहून जास्त प्रश्न. ज्योतिष त्यांनी विचारलं म्हणून समजावलं, त्यावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. मुलीला गणित कशाला, असं आम्हाला पालकसभेत अजून ऐकावं लागतं. हजार वर्षांपूर्वी एका मुलीने मागितलं आणि दुनियेतल्या सगळ्यात मोठ्या गणित्याने तिच्यासाठी किताब लिहिली.

महमूदनंतर सुलतान मसूद आला, तो कदर करणारा होता. त्याच्या नावाने त्यांनी कानून अल्-मसूदी हा ताऱ्यांच्या इल्मचा महाग्रंथ लिहिला. म्हणतात की मसूदने हत्तीवर चांदी लादून पाठवली आणि त्यांनी ती परत केली. शंभराहून जास्त किताबा लिहिल्या, त्यातल्या थोड्याच उरल्या. किताबुल हिंद एकोणिसाव्या शतकात एडुआर्ड झाखाऊ या जर्मन विद्वानाने छापून इंग्रजीत आणली तेव्हा दुनियेला नव्याने कळली. चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर एका विवराला आज त्यांचं नाव आहे.

म्हातारपणी नजर आणि कान कमजोर झाले, तरी औषधी वनस्पतींवर लिहिणं चालूच होतं. गझनीतच १०४८ च्या सुमारास, काहींच्या मते दोनेक वर्षांनी, ते गेले. शेवटच्या घटकेला एक काजी त्यांना पाहायला आले. श्वास लागलेला. त्यांनी विचारलं की आईकडच्या आजीच्या वारसा-हिश्शाचा तो मसला तुम्ही मागे सांगितला होता, तो पुन्हा सांगा. काजींना दया आली, अशा हालतीत कशाला? पण त्यांना तो जाणूनच जायचं होतं. काजींनी सांगितला, त्यांनी तो म्हणून दाखवला, पाठ केला. काजी निरोप घेऊन निघाले. रस्त्यावर आले, तोच घरातून रडण्याचा आवाज ऐकू आला.